प्रीॲम्प हवा की नको?

घरातल्या संगीतयंत्रणेत रेकॉर्ड प्लेअर आणि मुख्य ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये एक पेटी असते. तिच्यावरचे बटण फिरवले की आवाज वाढतो, म्हणून बटणच आवाज वाढवते अशी आपली समजूत होते. वास्तविक ते बटण आवाज फक्त कमी करू शकते. वाढवण्याचे काम पेटीत दडलेल्या पूर्वप्रवर्धकाचे, म्हणजे प्रीॲम्पचे. मग बटण ठेवून प्रीॲम्प काढून टाकला तर?

१९८२ पूर्वी हा प्रश्न पडायला फारसे कारण नव्हते. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने लाँग प्लेइंग तबकडी आणली. तिच्या खोबणीतून फिरणारी सुई चुंबकीय पिकअपमध्ये जेमतेम ५ मिलिव्होल्टचा संकेत निर्माण करते. मुख्य ॲम्प्लिफायरला मात्र अर्धा ते एक व्होल्ट लागतो. म्हणजे मध्ये शंभर-दोनशे पट वाढ हवीच. शिवाय खर्जाच्या सुरांनी खोबण फार रुंद होऊ नये म्हणून मुद्रणाच्या वेळी खर्ज दाबतात आणि वरचे सूर उचलतात. वाजवताना हे सारे उलटे करावे लागते. किती दाबायचे यावर कंपन्यांचे एकमत नव्हते. इंग्लंडच्या क्वाड कंपनीच्या १९५३ च्या नियंत्रक पेटीवर त्यासाठी वेगवेगळी बटणेच होती! १९५४ साली आरआयएए या अमेरिकी संघटनेने एक आलेख ठरवून दिला. त्यानुसार वाजवताना २० हर्ट्झचा सूर १००० हर्ट्झच्या तुलनेत नऊ पटींहून अधिक उचलावा लागतो. हे प्रवर्धकाशिवाय कसे जमणार?

ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानमध्ये सीडी प्लेअर विक्रीला आला. त्याचा संकेत २ व्होल्टपर्यंत जातो. क्वाडचाच १९७५ चा ४०५ हा ॲम्प्लिफायर अर्ध्या व्होल्टात पूर्ण १०० वॅट देत असे. म्हणजे हवे त्याच्या चौपट हाती आले. तरीही संकेत आधी प्रवर्धित करायचा आणि मग बटणाने दाबायचा, हे पंपाने जोर वाढवून नळाची चावी आवळण्यासारखेच झाले. प्रत्येक प्रवर्धक स्वतःची थोडी खरखर आणि विकृती मिसळतो, हेही खरे. म्हणून काही रसिकांनी पेटीत केवळ निवडीचा स्विच आणि एक पोटेन्शिओमीटर ठेवला. हाच 'पॅसिव्ह' प्रीॲम्प. नाव प्रीॲम्प, पण प्रवर्धन शून्य.

इथे एक अडचण आहे आणि ती आपल्या वर्गात शिकवली जाते. विद्युतघटाप्रमाणे पोटेन्शिओमीटरलाही अंतर्गत रोध असतो. सरकता स्पर्श रोधाच्या मध्यावर असताना दोन्ही अर्धे समांतर जोडणीत येतात. एकूण रोधाच्या चौथा भाग, हा त्याचा कमाल अंतर्गत रोध. १०० किलोओहमच्या पोटेन्शिओमीटरचा तो २५ किलोओहम होतो. पुढच्या केबलची धारिता मीटरला १०० पिकोफॅरड धरली, तर ५ मीटर केबलने सुमारे १३ किलोहर्ट्झवरच संकेत ७० टक्क्यांवर येतो. झांजांची झळाळी हरवते, आणि बटण फिरवले की ही मर्यादाही सरकते. १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर घेतला तर तीच मर्यादा १२७ किलोहर्ट्झवर जाते; काळजीचे कारण उरत नाही. मात्र एवढा भार पेलण्याइतका आधीच्या यंत्राचा अंतर्गत रोध कमी हवा. सीडी प्लेअरला ते सहसा जमते, निर्वात नळ्यांच्या जुन्या उपकरणांना बरेचदा जमत नाही.

तेव्हा सीडी प्लेअर आणि हातभर केबल असेल तर माझे मत पॅसिव्हला. ॲम्प्लिफायर खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर 'ॲक्टिव्ह' घ्यावा. तिथे त्याचा खरा उपयोग प्रवर्धनापेक्षा कमी अंतर्गत रोधाचा आहे. तबकड्या ऐकणाऱ्यांना निवडीला वावच नाही.

वर्गात हे दाखवता येते. ९ व्होल्टची बॅटरी १०० किलोओहमच्या पोटेन्शिओमीटरच्या टोकांना जोडा आणि डिजिटल मल्टिमीटर लावून मधला स्पर्श ४.५ व्होल्टवर आणा. आता व्होल्टला २० किलोओहम रोधाचा काट्याचा मीटर १० व्होल्टच्या पट्टीवर लावा. काटा ४ व्होल्टपाशी थांबेल. १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर वापरला तर ४.४ च्या थोडा पुढे जाईल.