जुन्या बीटलचा हीटर : बाहेरचा पत्रा जोडता येतो, आतल्या नळीला ठिगळ नको

फोक्सवॅगन बीटलला रेडिएटर नाही. गाडीच्या मागच्या बाजूला बसवलेले चार सिलिंडरचे इंजिन पंख्याच्या हवेवर थंड होते. इतर गाड्यांत हीटरला इंजिनाचे गरम पाणी मिळते. इथे पाणीच नसल्याने केबिनची ऊब एक्झॉस्टच्या नळीकडून घ्यावी लागते. हे काम करणारा भाग म्हणजे हीट एक्स्चेंजर, गॅरेजच्या भाषेत ‘हीटर बॉक्स’. तो आतून गंजला की प्रश्न फक्त उबेचा राहत नाही, गाडीत बसणाऱ्यांच्या जिवाचा होतो.

रचना कशी असते?

१९६३ च्या मॉडेलपासून बीटलमध्ये ही ‘ताज्या हवेची’ पद्धत आली. त्याआधी सिलिंडरवरून फिरलेली हवाच केबिनमध्ये जायची आणि तिच्यासोबत तेलाचा वासही. नव्या पद्धतीत इंजिनाच्या दोन्ही बाजूंना एकेक हीटर बॉक्स असतो. मधून एक्झॉस्टची पोलादी नळी जाते, नळीवर उष्णता सोडणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात आणि सगळ्यावर पत्र्याचे कवच. पंख्याची हवा कवच आणि नळी यांच्या मधून जाताना तापते, मग दारांखालच्या पोकळ पट्ट्यांतून पायापाशी आणि पुढच्या काचेपर्यंत पोहोचते. पोर्शे ९११ च्या १९९८ पर्यंतच्या एअर-कूल्ड गाड्यांतही तत्त्व हेच आहे, फक्त तिथे एका बाजूला तीन सिलिंडर येतात.

म्हणजे धूर आणि केबिनची हवा यांच्यात आडोसा एवढाच, नळीच्या धातूचा.

धोका कुठे आहे?

पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. सुरुवातीला डोके दुखते, गरगरते, मळमळते, आणि चालकाला वाटते की प्रवासाचा शीण आहे. गाडीत असे वाटले तर लगेच थांबून, इंजिन बंद करून मोकळ्या हवेत यावे आणि डॉक्टरांना दाखवावे. हीटरचा खटका बंद आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण जुन्या झडपा पूर्ण मिटत नाहीत. ग्वाल्हेर, इंदूरकडे तर हीटर वर्षभर बंद असतो आणि थंडीच्या पहिल्या सकाळी काचा वर करूनच सुरू होतो. तपासणी त्याआधी व्हायला हवी.

गंज का लागतो?

धुरात पाण्याची वाफ असते. थंड नळीत तिचे पाणी होते आणि त्यात आम्ल मिसळते. लांबच्या प्रवासात नळी तापून कोरडी होते. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ओल तशीच राहते आणि नळी आतून खाल्ली जाते. बाहेरच्या पत्र्याला युरोपात रस्त्यावर टाकलेले मीठ खाते, तर गोवा-कोकणात खारी हवा.

तपासणी

हवेचे पाइप काढून बॅटरीच्या उजेडात बॉक्सच्या आत पाहावे. गरम हवेच्या वाटेवर काजळी दिसली तर आतली नळी फुटली असे समजावे. खात्रीसाठी बॉक्स खाली उतरवून नळीची दोन्ही तोंडे बुचांनी बंद करावीत, कमी दाबाची हवा सोडावी आणि बॉक्स पाण्यात बुडवावा. काही वेळाने हवेच्या तोंडातून बुडबुडे येत राहिले, की निकाल लागला. जळक्या तेलाचा वास मात्र वेगळी भानगड असू शकते. पुशरॉडच्या नळ्यांची सीले गळाली की तेल थेट तापलेल्या बॉक्सवर पडते.

उतरवताना घाई महागात पडते. हेड ॲल्युमिनियमचे आणि त्यातले स्टड गंजलेले असतात. आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल मारावे, नट थोडा सैल, थोडा घट्ट असा हलवत काढावा. स्टड मोडला तर ड्रिल करून नवे आटे पाडावे लागतात आणि खर्च वाढतो.

काय दुरुस्त करावे?

बाहेरचे कवच सडले असेल तर चांगला पत्रा लागेपर्यंत कापावे आणि नवा तुकडा वेल्ड करावा. जस्ताचा पत्रा वापरल्यास जस्त आधी घासून काढावे, त्याचा धूर घातक असतो. वरून उष्णता सोसणारा रंगच द्यावा, साधा रंग जळतो. अडकलेल्या झडपा आणि केबल मोकळ्या कराव्यात.

आतल्या नळीला भोक असेल तर लांबी, पट्टी किंवा वरवरचे वेल्डिंग चालत नाही. पट्ट्यांखालचा धातूही तितकाच झिजलेला असतो, आज एक भोक बुजवले तर उद्या शेजारी दुसरे पडते. असा बॉक्स बदलावाच. बाजारातल्या काही स्वस्त नव्या बॉक्सांत आतल्या पट्ट्या कमी असतात आणि ऊब मिळत नाही, म्हणून घेण्याआधी आत डोकावून पाहावे. जुना पण नळी शाबूत असलेला मूळ बॉक्स मिळाला तर कवच दुरुस्त करून तो वापरणे बऱ्याचदा परवडते.

बसवताना गॅस्केट नवीनच घ्यावीत. इंजिनाभोवतीची रबरी पट्टीही तपासावी. ती फाटली असेल तर खालचा धूर वर येतो, पंखा तो ओढतो आणि हीटरमार्गे आत पाठवतो.

हीटर नकोच असेल तर बॉक्सच्या जागी साध्या नळ्या बसवता येतात. मात्र पंख्याच्या आवरणावरची दोन्ही तोंडे बंद करायला विसरू नये, नाहीतर इंजिन थंड करणारी हवा वाया जाते.

काम झाल्यावर इंजिन मोकळ्या जागेत सुरू करून सांधे तपासावेत. केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा छोटा अलार्म ठेवावा. या वायूला वास नसल्याने नाकाच्या भरवशावर राहता येत नाही.