टिप्पणीखालची आद्याक्षरे

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांमध्ये एक मत पक्कं रुजलं आहे: सत्ता जिल्ह्यात, मंत्रालयात नुसत्या फायली. उपजिल्हाधिकारी झाला तो साहेब, सहायक कक्ष अधिकारी झाला तो लोकलच्या गर्दीतला कारकून. धोरण ठरवायचं वरच्यांनी, टंकायचं खालच्यांनी. दहा वर्षांत उत्साह आटतो तो वेगळाच.

यातलं बरंचसं खरं आहे. कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव या पायऱ्या चढताना केस पिकतात. श्रेय तर नाहीच. शासन निर्णय निघतो तो ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. ज्याने पहिला मसुदा केला, त्याची आद्याक्षरे टिप्पणीखालीच राहतात. पण श्रेय नाही म्हणजे वजन नाही, हे कुणी सांगितलं?

रोजगार हमी योजनाच घ्या. तिचे जनक वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती. म्हणजे कल्पना पुढाऱ्याचीच ना, असा आक्षेप येईल. कबूल. पण ‘मागेल त्याला काम’ ही झाली घोषणा. मागायचं कुणाकडे, खोदलेली माती मोजायची कशी, मजुरी कशावर ठरवायची, हे घोषणेत कुठे असतं? १९७२च्या दुष्काळाने योजनेची निकड दाखवली. पैशासाठी १९७५ साली व्यवसाय कर आला. कायदा १९७७चा, अंमल २६ जानेवारी १९७९पासून. त्यात काम मागितल्यापासून १५ दिवसांची मुदत आहे, ती टळली तर बेकारभत्ता. त्या जागी ‘शक्य तितक्या लवकर’ असं लिहिलं असतं, तर मजुराने तहसीलदारासमोर बोट कशावर ठेवलं असतं? जिल्हाधिकारी आले, बदलून गेले, मुदत राहिली. २००५ साली संसदेने रोजगार हमीचा कायदा केला, त्यातही १५च दिवस ठेवले.

प्रेरणेचं म्हणाल, तर हारतुऱ्यांवर जगणाऱ्याने इथे येऊच नये. ‘भत्ता देता येईल’ आणि ‘भत्ता देण्यात येईल’ यांत दोनच अक्षरांचा फेर आहे, पण पहिल्यात साहेबाची मर्जी आहे आणि दुसऱ्यात मजुराचा हक्क. हा फेर दिसतो आणि त्यासाठी वरिष्ठांशी वाद घालावासा वाटतो, त्याचा उत्साह सहजी आटत नाही. (वाद घातल्यावर बढती लांबते, हेही खरं.) ज्याला दोन्ही वाक्यं सारखीच वाटतात, तो जिल्ह्यात जाऊन तरी काय दिवे लावणार?

पसंतीक्रम भरण्याआधी घरातल्या कुणा नोकरदाराचं पगारपत्रक मागून घ्या. व्यवसाय कराचे महिन्याला २०० रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत ३००. ती ओळ कधीकाळी कुणाच्या तरी टेबलावर मसुदा होती.