पायडलाला जोडलेला पाय

सायकलस्वाराचा सगळा जोर पायडलातून जातो. मांडीत, पोटरीत, कंबरेत कितीही ताकद असली तरी ती चार बोटे रुंदीच्या त्या तुकड्यावरूनच क्रँकमध्ये आणि तिथून साखळीत उतरते. त्यामुळे पाय पायडलावर नुसता ठेवावा की जोडून टाकावा, हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. डोंगरातल्या आणि कच्च्या वाटेवरच्या सायकलीपुरते त्याचे टिकाऊ उत्तर १९९० मध्ये मिळाले. ते उत्तर दख्खनच्या काळ्या मातीत कितपत चालते, हे पाहायला सोलापूर जिल्ह्यातले वळसंग ही योग्य जागा आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यातले हे गाव सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. डांबरी रस्ता सोडला की पाणंदी, मुरमाड माळ, ओढे-ओघळी आणि बांधाकडेच्या बाभळी लागतात. मोठा डोंगर जवळपास नाही, पण चाक, टायर आणि पायडल यांची परीक्षा घ्यायला एवढी जमीन पुरेशी आहे.

सायकलीच्या जन्माच्या वेळी पायडल नव्हतेच. जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस यांनी १८१७ मध्ये चालवून दाखवलेल्या दुचाकीवर बसून पायांनी जमीन मागे ढकलावी लागे. पुढच्या चाकाला पायडले बसली ती १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये. त्याचे श्रेय मिशो यांना द्यायचे की लालमाँ यांना, हा वाद अजून मिटलेला नाही. लालमाँ यांनी १८६६ मध्ये अमेरिकेत पेटंट मात्र घेतले. पुढे १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ आली, साखळीने मागचे चाक फिरू लागले आणि पायडल आजच्या जागी, दोन चाकांच्या मध्ये स्थिरावले.

महाराष्ट्राच्या खेड्यांत पोचलेली सायकल ही या रोव्हरचीच वंशज. आधी ती इंग्लंडहून येई. मग मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना निघाला आणि स्वातंत्र्यानंतर अॅटलस, हीरो, हर्क्युलिस, रॅले ही नावे घरोघरी झाली. या काळ्या, उंच सायकलीचे पायडल म्हणजे लोखंडी चौकटीत बसवलेले रबराचे दोन ठोकळे. ते शर्यतीसाठी नव्हते आणि तसे असण्याची गरजही नव्हती. सायकलस्वार अनवाणी असे किंवा पायात चप्पल असे. मागच्या कॅरिअरवर वैरणीचा भारा, दुधाचे कॅन नाहीतर बाजाराची पिशवी असे, आणि वाटेत दहा ठिकाणी पाय टेकवावा लागे. सीटपर्यंत न पोचणारी पोरे दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत सायकल शिकत. अशा वापरात पाय मोकळाच हवा. रबर झिजून संपले तरी उरलेल्या लोखंडावर पाय ठेवून वर्षानुवर्षे सायकल चाले, आणि त्यात कुणाचे काही अडत नसे. साधे पायडल मागासलेले असते असा समज आज गिअरच्या सायकली घेणाऱ्यांत दिसतो. तो चुकीचा आहे.

शर्यतीची गरज वेगळी होती. वेगात फिरणाऱ्या पायडलावरून पाय घसरला तर स्वार थेट दांडीवर आदळतो. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच पायडलाला पुढून पोलादी टो-क्लिप आणि वरून चामडी पट्टा लावण्याची पद्धत सुरू झाली. पुढे बुटाच्या तळाला खाच असलेली पट्टी ठोकून ती पायडलाच्या कडेत बसवू लागले. पट्टा आवळला की पाय हलत नसे. पंचाईत अशी, की तो सोडवण्यासाठी खाली वाकून हाताने बक्कल सैल करावे लागे. पडण्याच्या क्षणी तेवढा वेळ कुणाकडेच नसतो.

महाराष्ट्रात ही टो-क्लिप लोकांनी पाहिली ती मुख्यतः मुंबई–पुणे सायकल शर्यतीमुळे. बोरघाट आधी चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणण्याची या शर्यतीची परंपरा आहे. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतच्या चढावर स्वार सीटवरून उठून, उभ्याने पायडल मारतो. तेव्हा शरीराचा सगळा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर जात असतो आणि बूट पायडलावर घट्ट असणे फार उपयोगाचे ठरते. कित्येक दशके या घाटात पाय धरून ठेवायला चामडी पट्ट्यापेक्षा बरे साधन नव्हते.

हाताविना सुटणारे पायडल बनवण्याचे प्रयत्न मात्र फार आधीपासून चालू होते. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या चार्ल्स हॅन्सन यांनी १८९५ मध्येच टाच फिरवून अडकणारी आणि सुटणारी जोडणी सुचवली होती. ती बाजारात रुजली नाही. १९७० च्या सुमारास इटलीच्या चिनेल्ली कंपनीने ‘एम-७१’ काढले. त्यात बुटाची पट्टी पायडलात सरकवून बसे, पण सोडवायला पायडलावरची कळ हातानेच ओढावी लागे. धोका जुनाच राहिला. कोडे सुटले ते बर्फावर. फ्रान्समधल्या नव्हेर गावची लुक ही कंपनी बर्फावरून घसरण्याच्या पट्ट्यांचे, म्हणजे स्कीचे बंध बनवत असे. स्की करणारा पडला की बंध आपोआप सुटला पाहिजे, नाहीतर पाय मोडतो. याच अनुभवावरून लुकने १९८४ मध्ये सायकलीसाठी पायडल आणले: बुटाच्या तळाला प्लास्टिकची तिकोनी क्लीट, ती दाबली की स्प्रिंग तिला पकडते, टाच बाहेर वळवली की सोडते. १९८५ ची ‘टूर द फ्रान्स’ बर्नार इनो यांनी याच पायडलांवर जिंकली आणि पुढच्या काही वर्षांत शर्यतींतून चामडी पट्टे नाहीसे झाले. टो-क्लिपची गरज उरली नाही म्हणून या प्रकाराला ‘क्लिपलेस’ नाव पडले. पाय त्यात अडकतो तो मात्र पूर्वीपेक्षाही घट्ट.

लुकचे पायडल रस्त्यासाठी होते. मोठी क्लीट बुटाच्या तळाबाहेर येई, ते बूट घालून चालताना माणूस टाचांवर डुगडुगे, आणि माती भरली की क्लीट बसतच नसे. डोंगरातल्या सायकलीला याचा काही उपयोग नव्हता. ही सायकल १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत, जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली पळवणाऱ्या तरुणांनी घडवली. १९७६ पासून तिथे ‘रिपॅक’ नावाची उताराची शर्यत होऊ लागली. उतरताना मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे, की हबमधले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे. शर्यतीचे नाव त्यावरूनच पडले. त्या स्वारांची पायडले सपाट, कडेला दाते असलेली होती. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची ‘स्टम्पजंपर’ आली आणि माउंटन बाइक दुकानात मिळू लागली. पायाचा प्रश्न आणखी नऊ वर्षे तसाच राहिला.

जपानच्या साकाई शहरातल्या शिमानो कंपनीने १९९० मध्ये आणलेल्या एसपीडी पद्धतीत या अडचणींचा मुळातून विचार दिसतो. क्लीट लहान केली, अंगठ्याच्या नखाहून थोडी मोठी, आणि प्लास्टिकऐवजी पोलादाची. ती बुटाच्या रबरी तळातल्या खाचेत बसवली, त्यामुळे चालताना जमिनीला रबर लागते, लोखंड नाही. तीन स्क्रूंच्या जागी दोन पुरले. ‘पीडी-एम७३७’ या पहिल्या पायडलाला दोन्ही बाजूंनी पकड होती. कच्च्या वाटेवर पायडलाची कोणती बाजू वर आहे हे पाहायला सवड नसते. क्लीटचे पुढचे टोक पायडलाच्या पुढच्या आडव्या पट्टीखाली घालायचे, पाय खाली दाबायचा, मागचा स्प्रिंगचा जबडा ‘टक्क’ करून मिटतो. सोडवायचे तर टाच बाहेर झटकायची. स्प्रिंग किती कडक असावी हे ॲलन चावीने ठरवता येते. त्याच वर्षी अमेरिकेत ड्युरँगो इथे माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि १९९६ मध्ये अटलांटाला हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. तोवर डोंगरी शर्यतींत ही जोडणी रूढ झाली होती.

चिखलाचा प्रश्न मात्र पूर्ण सुटला नव्हता. एसपीडीच्या जबड्यात माती दाबून बसली की क्लीट आत जात नाही, आणि गेली तर सुटायला त्रास देते. यावर फ्रान्सच्या टाइम कंपनीने ‘अटॅक’ हे पायडल केले. त्यात जबड्याऐवजी जाड तारेच्या कमानी आहेत, आणि माती अडकायला सपाट जागाच कमी आहे. याच विचाराचे टोक म्हणजे अमेरिकेच्या क्रँकब्रदर्सचे २००१ चे ‘एगबीटर’: आसाभोवती तारेच्या कमानी, चारही बाजूंनी अडकणारे, बाकी अंग जवळजवळ नाहीच. क्लीट आत शिरतानाच चिखल बाहेर ढकलला जातो. या कंपन्यांच्या क्लीट पितळेच्या असतात, त्या पोलादापेक्षा लवकर झिजतात. शिमानोचे पायडल चिखलात डावे ठरते, पण त्याचे बेअरिंग वर्षानुवर्षे तक्रार करत नाही.

सोलापूर भागात ही निवड कागदावरची राहत नाही. इथली खोल काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाने फुगून चिकटते. ओल्या पाणंदीत सायकल घातली की टायर आणि मडगार्डमधली फट भरून चाक जाम होते, मग सायकल खांद्यावर घेऊन चालावे लागते. क्लीटच्या खाचेत अशी माती शिरली की ती बोटाने निघत नाही, काडीने किंवा किल्लीने कोरून काढावी लागते. वाळली तर विटेसारखी कडक होते. तारेच्या कमानीचे पायडलही इथे हात टेकते, कारण माती पायडलात नव्हे, बुटाच्या तळाला चिकटून राहते. मुरमाड माळावर चित्र उलटे असते. तिथे पाऊस पडून गेला तरी काही वेळात वाट चालती होते, खडे आणि खाचखळगे असतात, पायडलावरून पाय उडण्याची भीती खरी असते आणि जोडलेला पाय स्वाराला हातात सायकल असल्याचा विश्वास देतो. त्या माळावर सराटे फार. पंक्चर काढायला उतरावे लागतेच, तेव्हा चालता येईल असाच बूट हवा; रस्त्याच्या शर्यतीची तीन स्क्रूंची क्लीट इथे घेऊ नये.

जाड टायरच्या सायकली महाराष्ट्राच्या खेड्यांत १९९० च्या दशकात दिसू लागल्या. हीरोच्या ‘रेंजर’ने इतका जम बसवला, की पुढे कुठल्याही कंपनीच्या तशा सायकलीला लोक रेंजरच म्हणू लागले. तिचे पायडल प्लास्टिकचे होते. क्लिपलेस पायडले आणि त्यांचे बूट दुकानांत सहज मिळू लागले ते पुढच्या दशकात, परदेशी सायकलींची आयात वाढल्यावर, आणि तेही आधी पुण्या-मुंबईत. मग नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ शर्यत जोडीने पूर्ण केली, आणि २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली. लांब पल्ल्याच्या सायकलिंगचे वेड जिल्ह्याजिल्ह्यांत पसरले. या स्वारांपैकी पुष्कळांनी रस्त्यासाठीही डोंगरी एसपीडीच निवडली. दोनशे-तीनशे किलोमीटरच्या वाटेत चहाच्या टपरीवर उतरायचे असते आणि पेट्रोल पंपाच्या ओल्या फरशीवर चालायचे असते, हे त्यामागचे साधे कारण.

या पायडलांबद्दल एक समजूत घट्ट रुजली आहे: पाय जोडलेला असला की तो वर ओढून जादा जोर मिळतो. प्रयोगशाळेतल्या मोजमापांत ही गोष्ट फारशी टिकलेली नाही. सराईत स्वारही सपाटीवर पाय वर ओढत नाहीत, फक्त उचलून हलका करतात. जोडलेल्या पायाचा खरा फायदा म्हणजे खडबडीत जागी पाय जागेवर राहतो आणि तळपाय दरवेळी त्याच ठिकाणी पडतो. सपाट पायडलावरही सर्वोच्च दर्जाची शर्यत जिंकता येते, हे ऑस्ट्रेलियाच्या सॅम हिल यांनी दाखवून दिले. २००७ आणि २०१० च्या उताराच्या जागतिक स्पर्धा आणि २०१७ पासून सलग तीन वर्षे एंड्युरो या डोंगरी शर्यतीची मालिका त्यांनी सपाट, टोकदार खिळ्यांच्या पायडलांवर जिंकली.

पहिल्यांदा क्लिपलेस घेणाऱ्याने महागड्या, हलक्या पायडलामागे लागू नये. शिमानोचे स्वस्तातले दुबाजू पायडल पुरते. पैसे बुटावर खर्च करावेत. स्प्रिंग सगळ्यात सैल ठेवावी. शिमानोची ‘एसएच-५१’ क्लीट टाच बाजूला वळवल्यावरच सुटते, ‘एसएच-५६’ अनेक दिशांनी सुटते. नवख्याला दुसरी बरी. क्लीट अशी बसवावी, की पायाच्या अंगठ्यामागचा चवडा पायडलाच्या आसावर येईल. पाय नैसर्गिकपणे जितका बाहेर वळतो तितकाच वळू द्यावा, नाहीतर दुखणे गुडघ्यात निघते. भिंतीला धरून अडकवण्या-सोडवण्याचा सराव करून मगच रस्त्यावर जावे आणि थांबण्याच्या बऱ्याच आधी एक पाय सोडवण्याची सवय लावावी.

पायडल बदलणे हे पाच मिनिटांचे काम आहे. बहुतेकांना पंधरा नंबरचा पाना चालतो, काहींना ॲलन चावी लागते. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटते. हे ठाऊक नसल्याने जोर लावून आटे खाल्लेले क्रँक मिस्त्रींकडे नेहमी येतात. बसवताना आट्यांना ग्रीस लावावे. बदलणे इतके सोपे असल्याने वळसंगच्या परिसरात सायकल चालवणाऱ्याने दोन्ही जोड बाळगावेत हे उत्तम: मृगापासून दिवाळीपर्यंत सपाट पायडल, आणि शेते वाळून ज्वारी गुडघ्याला आली की क्लीटचे.