ऱ्हाईन नदी क्षार-विवाद
ऱ्हाईनच्या प्रदूषणावरून तटवर्ती राष्ट्रांत उद्भवलेला विवाद. फ्रान्सच्या अल्सेस प्रदेशातील पोटॅश खाणींचे मीठ नदीत सोडले जाई. त्यामुळे नदीमुखाकडील नेदर्लंड्समधील बागायतीस व पाणीपुरवठ्यास हानी पोहोचे. अशा तंट्यात प्रदूषण-निवारणाचा खर्च वरच्या राष्ट्रावर पडतो, लाभ मात्र खालच्यास होतो. म्हणून लाभार्थी राष्ट्राने खर्चाचा वाटा उचलल्यास तडजोड शक्य होते, असे खेळ सिद्धांतावरील प्रतिमाने दर्शवितात. बॉन करारात (१९७६) तसेच घडले. नेदर्लंड्सने ३४, फ्रान्स व पश्चिम जर्मनीने प्रत्येकी ३० आणि स्वित्झर्लंडने ६ टक्के खर्च स्वीकारला. तथापि मीठ भूगर्भात सोडण्यास अल्सेसमध्ये विरोध झाल्याने करार १९८५ मध्येच अंमलात आला. राष्ट्राराष्ट्रांतील अशा प्रतिमानांत अंतर्गत लोकमत सहसा गृहीत धरलेले नसते, ही त्यांची मर्यादा यातून स्पष्ट झाली.