फिरत्या दंडाची कथा

आयुष्यभर मराठीचे अध्यापन केलेल्या माणसाने स्मृतिव्याख्यानात यंत्रांच्या इतिहासावर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. सुरत म्हटली की मराठी मनाला १६६४ आठवते. ती सवय आम्हा अध्यापकांनीच लावली. परंतु हजिऱ्याच्या वाटेवरील या इच्छापोरात वाढणाऱ्या अनेक मुलांचे उद्याचे आयुष्य यंत्राच्या फिरत्या दंडाशी, म्हणजे शाफ्टशी, बांधलेले असणार. म्हणून त्याचीच कथा निवडली.

माझे बालपण खानदेशात गेले. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ सालची. त्यानंतरचा तो काळ. आमच्या विहिरीवरही ऑइल इंजिन होते. पंपाचा भार आला की त्याचा आवाज क्षणभर दबे आणि लगेच सावरे. सावरणारा कोण, हे पुष्कळ वर्षांनी कळले. तो गव्हर्नर. वेग उतरला की तो इंधन वाढवतो, चढला की आवरतो. जेम्स वॉट यांनी १७८८ च्या सुमारास वाफेच्या इंजिनाला बसविलेला दोन गोळ्यांचा गव्हर्नर हा त्याचा पूर्वज. पवनचक्क्यांत ही युक्ती त्याआधीही होती.

मात्र काही गव्हर्नर वेग स्थिर करण्याऐवजी हेलकावत ठेवीत. १८६८ मध्ये मॅक्सवेल यांनी त्याचे गणित मांडले. हेलकावे विरतील की वाढत जातील, हे समीकरणाच्या मुळांवरून ठरते, असे त्यांनी दाखविले. यंत्र न चालविता त्याचे वर्तन कागदावर पाहण्याची ही रीत; आजच्या सिम्युलेशनचे मूळ मला येथे दिसते.

पुढे गणित सोडविण्यासाठीच दंड फिरू लागले. अमेरिकेत व्हॅनेव्हार बुश यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यंत्रात दंडाचे फेरे हीच संख्या होती. फिरत्या चकतीवर टेकलेले चाक समाकलन करी. पण त्याने पुढचे दंड फिरवू जावे तर ते घसरे आणि उत्तर चुके. वेग अचूक, पण पिळाचा जोर, म्हणजे टॉर्क, नगण्य! निमन यांच्या टॉर्क-वर्धकाने हा पेच सोडविला. फिरत्या पिंपाभोवती वेढे दिले की दोरीच्या एका टोकाची हलकी ओढ दुसऱ्या टोकाला कितीतरी पट होते. तापीच्या मुखाशी गलबते बांधणाऱ्या खलाशांना वेढ्यांचे हे बळ नवे वाटले नसते. १९३४ मध्ये मँचेस्टरला हार्ट्री आणि पोर्टर यांनी असेच यंत्र मेकॅनो या खेळण्याच्या सुट्या भागांतून उभारले.

आज दंड संगणकात फिरतो. नियम जुनाच आहे. चालविणाऱ्या जोरातून भाराचा जोर वजा केला की उरते त्यावर वेग वाढतो वा घटतो. वेग आपण ठरविला तर जोर किती लागेल ते भार आणि दंडाचे जडत्व ठरवितात. जोर ठरविला तर वेग आपल्या हाती उरत नाही. दोन्ही एकदम मागता येत नाहीत. नवशिका नेमके येथे फसतो. निमिषार्धात मिनिटाला १५०० फेरे, अशी आज्ञा तो देतो आणि संगणक ती निमूट पाळतो. त्यासाठी लागलेला जोर कोणतीही खरी मोटर देऊ शकली नसती, दिला असता तर दंड पिळवटून तुटला असता. पण हे केवळ टॉर्कच्या आलेखात दिसते, आणि तो आलेख त्याने उघडलेलाच नसतो. जाणता अभियंता आधी मोटरच्या जोराची मर्यादा घालतो आणि वेग सांभाळण्याचे काम नियंत्रकाकडे, म्हणजे वॉटच्या त्या गोळ्यांच्या आकडेरूपी वंशजाकडे, सोपवितो.

आमच्या विहिरीवरचे इंजिन मात्र, भार झेपेनासा झाला की, चार ठसके देऊन सरळ बंद पडे.