ग्रामीण सुविधा व परकीय साहाय्य

ग्रामीण भागात रस्ते, पिण्याचे पाणी, पाटबंधारे, मृद्‌संधारण इ. सोयी उभारण्यासाठी परराष्ट्रांकडून वा आंतरराष्ट्रीय संस्थांकडून अनुदान, कर्ज अथवा तांत्रिक मार्गदर्शन या रूपांत मिळणारी मदत. या मदतीबरोबर सामान्यतः दोन प्रकारच्या अटी येतात. व्याज, परतफेड, खरेदीचे नियम या आर्थिक अटी होत. निर्णय कोणी घ्यावा, हिशेब कोणी तपासावा, देखभालीचा खर्च कोणी सोसावा, या कारभारविषयक अटी होत. दुसऱ्या प्रकारच्या अटी गावाच्या कारभारापर्यंत पोहोचतात. त्यामुळे परकीय साहाय्याचा इतिहास हा काही अंशी स्थानिक स्वराज्याचाही इतिहास ठरतो.

भारतात या साहाय्याचा पहिला मोठा प्रयोग सामूहिक विकास कार्यक्रमाच्या रूपाने झाला. उत्तर प्रदेशातील इटावा जिल्ह्यात अमेरिकन वास्तुविशारद अ‍ॅल्बर्ट मायर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४८ मध्ये पथदर्शी प्रकल्प सुरू झाला होता. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांशी जानेवारी १९५२ मध्ये तांत्रिक सहकार्याचा करार झाला आणि २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात ५५ सामूहिक प्रकल्पांचा प्रारंभ झाला. कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणास फोर्ड प्रतिष्ठानने साहाय्य केले. लोकसहभाग हे या कार्यक्रमाचे घोषित तत्त्व होते. तथापि अंमलबजावणी शासकीय यंत्रणेकडेच राहिली आणि सल्लागार समित्यांना अधिकार वा निधी नव्हता. बलवंतराय मेहता समितीने १९५७ च्या अहवालात हा दोष स्पष्ट केला व निर्वाचित त्रिस्तरीय संस्थांची शिफारस केली. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार १९६१ चा अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. ही व्यवस्था कोणा दात्याच्या अटीतून निर्माण झाली नव्हती; साहाय्यित कार्यक्रमातील उणिवेचा देशात विचार झाला, त्यातून ती आकारास आली.

पुढील टप्प्यात अटी थेट गावाशी ठरू लागल्या. अहमदनगर (विद्यमान अहिल्यानगर) जिल्ह्यात दीर्घकाळ कार्य केलेले जेझुइट धर्मगुरू हेर्मान बाखर यांच्या पुढाकाराने भारत-जर्मन पाणलोटक्षेत्र विकास कार्यक्रम उभा राहिला. जर्मन निधी राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेमार्फत (नाबार्ड) येई. श्रमदान, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी गावाने मान्य केल्याखेरीज काम सुरू होत नसे. राळेगणसिद्धीसारख्या गावांनी असे निर्बंध स्वतःहून आधीच पाळले असल्याने ते परके वाटले नाहीत. मात्र त्यांचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. पाणी वाढल्याचा लाभ प्रामुख्याने विहीर व जमीन असणाऱ्यांना झाला, तर चराईबंदीची झळ शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्या भूमिहीनांना लागली. गावाच्या संमतीत दुर्बलांची संमती गृहीत धरता येत नाही, हे येथे दिसून आले.

जागतिक बँकेने २००३ मध्ये सु. १८.१ कोटी डॉलरचे सुलभ कर्ज मंजूर केलेला ‘जलस्वराज्य’ प्रकल्प २६ जिल्ह्यांत राबविण्यात आला व २००९ मध्ये संपला. पाणीयोजनेच्या भांडवली खर्चाचा दहा टक्के, व आदिवासी भागात पाच टक्के, वाटा गावाने उचलावा आणि देखभालीचा सर्व खर्च सोसावा, अशी अट होती. ग्रामसभेने पाणीपुरवठा व स्वच्छता समिती निवडावयाची, महिला ग्रामसभा भरवावयाची व सामाजिक लेखापरीक्षण समितीने हिशेब तपासावयाचे, अशी रचना होती. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (१९९२) ग्रामसभेस संविधानात स्थान दिलेले असल्याने या अटींना कायदेशीर आधार मिळाला. तरीही योजना टिकणे हे पाणीपट्टीची वसुली व भूजलाचा साठा यांवर अवलंबून होते. त्यांपैकी भूजल एकट्या गावाच्या स्वाधीन नसते.

याच सुमारास राज्याच्या कायद्यांचीही साहाय्याशी सांगड घातली गेली. सिंचन सुधारण्यासाठी जागतिक बँकेने २००५ मध्ये ३२.५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. त्याच वर्षी जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन करणारा आणि पाणीवाटपाचे काम शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे देणारा, असे दोन अधिनियम झाले. पुढे सिंचनाचे पाणी उद्योगांकडे वळविण्यावरून वाद उद्‌भवला. तेव्हा २०११ च्या दुरुस्तीने शेती, उद्योग इ. क्षेत्रांतील पाणीवाटपाचा निर्णय प्राधिकरणाकडून काढून मंत्रिमंडळाकडे देण्यात आला.

अटींमुळे ग्रामसभा भरल्या, हिशेब चावडीवर आले आणि स्त्रियांना समित्यांत जागा मिळाली, हे लाभ नाकारता येत नाहीत. परंतु निधी असेतो पाळलेली अट आणि गावाने आपली मानलेली रीत यांत फरक आहे. दात्याला दाखविलेला हिशेब प्रकल्पाबरोबर संपतो. ग्रामसभेला दाखविलेला हिशेब दरवर्षी पुन्हा मागता येतो. अट गावातील निर्वाचित संस्थेच्या आधारे उभी राहिली, तरच दाता गेल्यावरही ती टिकण्याची शक्यता असते.