मूठ, माप आणि मर्यादा

तापीच्या काठी, चौक बाजाराला लागून उभा असलेला सुरतेचा किल्ला सोळाव्या शतकाच्या पाचव्या दशकात खुदावंदखानाने बांधला, तो मुख्यतः पोर्तुगीजांना धाक बसावा म्हणून. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांची स्वारी शहरावर आली, तेव्हा शहराचा अधिकारी इनायतखान याच किल्ल्यात जाऊन बसला. तटावरच्या तोफा धडधडत राहिल्या. पण त्या गोळ्यांनी स्वारीपेक्षा शहरातील घरांचेच नुकसान अधिक केले, असे इतिहासकारांनी नोंदवले आहे. त्याच दिवसांत सर जॉर्ज ऑक्झेंडन याच्या हाताखालील मूठभर माणसांनी इंग्रजांची वखार सांभाळली. दारूगोळ्याचा साठा किल्ल्यात अधिक होता. शस्त्र आणि ते चालवणारा यांचा मेळ वखारीत अधिक होता. सुरतेत राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना या प्रसंगाची लूट आठवते, त्यातील हा तपशील सहसा आठवत नाही.

शस्त्र आणि हात यांचा हा मेळ कसा घडतो, आणि आपल्या समाजात तो कसा तुटला व पुन्हा कोणत्या वाटेने जुळू लागला, हा या लेखाचा विषय आहे. त्यासाठी आम्ही पिस्तुलाचे उदाहरण घेत आहोत. मराठी मनात पिस्तूल म्हटले की १८९७ चे पुणे आणि १९०९ चे नाशिक उभे राहते. राजकीय इतिहासातील ते प्रसंग सर्वपरिचित आहेत. पिस्तुलाचा दुसरा इतिहास मात्र, म्हणजे मापाचा, सरावाचा आणि नियमांचा, आपल्याकडे फारसा लिहिला गेलेला नाही.

एका विशिष्ट हातासाठी शस्त्र सिद्ध करण्याची कल्पना या देशाला परकी नव्हती. सुरत अकबराच्या ताब्यात आली ती १५७३ मध्ये. त्याच्या कारखान्यांचे वर्णन करताना अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त बंदुकांना स्वतंत्र प्रकरण दिले आहे. नळी कशी वळावी, तिची परीक्षा कशी घ्यावी, हे त्यात येते. प्रत्येक बंदुकीवर लोखंडाचे वजन, ते कोठून आले, कारागीर, ठिकाण, काळ आणि क्रमांक अशा खुणा कोरल्या जात. बादशहाच्या खास वापरातील ‘संग्राम’ ही बंदूक तर नावानेच ओळखली जाई. अर्थात हे भाग्य बादशहाचे. सामान्य शिपायाच्या खांद्यावर तोड्याची बंदूक असे, आणि तिचा मोठा गुण असा, की ती बाजारातील लोहाराकडेही दुरुस्त होई. चकमकीची बंदूक युरोपातून आली तरी तोडा इकडे दीर्घकाळ टिकला, त्याचे एक कारण हेच. ज्या शस्त्राची दुरुस्ती आपल्या गल्लीत होते, तेच शस्त्र समाजाच्या अंगवळणी पडते.

ही ओळख मोडली ती १८७८ च्या शस्त्र कायद्याने. त्या कायद्यान्वये हिंदी माणसास शस्त्रासाठी परवाना आवश्यक ठरला, आणि युरोपियनांना मात्र सूट मिळाली. या भेदाविरुद्ध आरंभीच्या काँग्रेसने आवाज उठवला. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना खुद्द गांधीजींनी या कायद्याची गणना ब्रिटिश राज्याच्या सर्वांत काळ्या कृत्यांत केली होती, हे आज अनेकांना नवल वाटेल. त्यांचा रोख स्पष्ट होता: शस्त्र धरण्याची मोकळीक असताना ते खाली ठेवणे वेगळे, आणि ते हिसकावून घेतल्यामुळे हात रिकामा असणे वेगळे.

गुजरातच्या याच भूमीत या विचाराचा पुढला दुवा एका मराठी माणसाने जोडला. गणेश वासुदेव मावळंकर यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. त्यांचा जन्म १८८८ मध्ये बडोद्यास झाला, आणि वकिली व सार्वजनिक जीवन गेले अहमदाबादेत. ते गांधीजींचे अनुयायी, अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष, अनेकदा तुरुंगवास भोगलेले सत्याग्रही. तुरुंगात भेटलेल्या गुन्हेगारांतील माणुसकीवर त्यांनी गुजरातीत पुस्तकही लिहिले. १९५२ मध्ये ते लोकसभेचे पहिले सभापती झाले. दादासाहेबांच्या चरित्रातील ही पाने सर्वांना ठाऊक असतात. परंतु १९५१ मध्ये भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना त्यांच्याच पुढाकाराने झाली, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेकडे जाणाऱ्या वाटेवरील एक अखिल भारतीय स्पर्धा त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

अहिंसेच्या अनुयायाने नेमबाजीची संघटना काढावी, यात वरवर पाहता विसंगती दिसते. आम्हांस ती तशी वाटत नाही. सभापतीचे काम म्हणजे तीव्र मतभेदांना नियमांच्या चौकटीत बसवणे. नेमबाजीचा खेळही दुसरे काय करतो? एका घातक वस्तूला तो माप, वेळ आणि शिस्त यांच्या चौकटीत आणतो. ही चौकट किती बारकाईची असते, हे पाहिल्याशिवाय या म्हणण्याचा अर्थ कळणार नाही.

प्रथम परदेशाकडे पाहू. पिस्तुलाच्या खेळाची एक शाखा ‘व्यावहारिक नेमबाजी’ या नावाने ओळखली जाते. तिचा उगम १९५० च्या दशकातील कॅलिफोर्नियातल्या स्पर्धांत आहे. तेथे जेफ कूपर आणि त्याच्या सोबत्यांनी जुन्या एकहाती पवित्र्याला प्रश्न केला, आणि जॅक वीव्हर या पोलीस अधिकाऱ्याने दोन्ही हातांनी पिस्तूल धरून तो प्रश्न मैदानावर सोडवला. मे १९७६ मध्ये मिसूरी राज्यातील कोलंबिया येथे भरलेल्या परिषदेत या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. अचूकता, शक्ती आणि वेग असे तिचे त्रिसूत्र. त्यासाठी तीन लॅटिन शब्द निवडले गेले. येथे स्पर्धक चालतो, वळतो, आडोशामागून नेम धरतो, आणि मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागून त्याचा निकाल लागतो.

या तीन सूत्रांची ओढाताण म्हणजेच पिस्तूल सिद्ध करण्याची सारी विद्या. शक्तीचे गणित असे: गोळीचे ग्रेनमधील वजन गुणिले तिचा फूट प्रति सेकंद वेग, भागिले हजार. १२४ ग्रेनची गोळी १०२० च्या वेगाने गेली तर हा आकडा १२६ च्या वर जातो, आणि १२५ ही खालची पायरी ओलांडली जाते. वरच्या पायरीसाठी काही विभागांत १७० लागतात; मग लक्ष्याच्या कडेला लागलेल्या गोळीलाही अधिक गुण मिळतात, परंतु धक्का वाढतो आणि पुढची गोळी उशिरा सुटते. म्हणून कोणी नळीच्या तोंडाशी असा भाग बसवतो, की वायू वरच्या बाजूने निसटून नळी उसळत नाही. कोणी वजन वाढवतो. धक्का शमतो, पण एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर पिस्तूल नेताना तेच वजन आड येते. १९९० मध्ये ॲडलेड येथील जागतिक स्पर्धा डग कोनिगने लाल बिंदूची प्रकाशीय साइट वापरून जिंकली, आणि लोखंडी साइटचे राज्य खुल्या विभागातून उठले.

यंत्राइतकेच महत्त्व त्याच्या सरंजामाला. मुठीची जाडी अशी हवी, की चापावर बोटाचे पेर सरळ पडावे आणि तळहात फिरवावा लागू नये. मॅगझिन शिरते ते तोंड रुंद केले, तर न पाहता ते बदलता येते. होल्स्टरची उंची आणि पट्ट्यावरील मॅगझिनांच्या जागा एकदा ठरल्या की हलवायच्या नसतात, कारण हात त्या जागा शोधत नाही, त्या त्याला पाठ असतात. मग काडतुसाविना रोजचा सराव. डोळे मिटून पिस्तूल उचलावे, डोळे उघडावेत. साइट नजरेसमोर सरळ नसेल, तर धरण्यात किंवा मुठीत बदल करावा. आणि या साऱ्याला वेसण म्हणून एक साधी पेटी: ‘स्टँडर्ड’ विभागात मॅगझिनसह पिस्तूल २२५ × १५० × ४५ मिलिमीटरच्या पेटीत बसलेच पाहिजे.

हा खेळ आपल्याकडे रुजणे अवघड होते, आणि त्याचे कारण कायद्यात आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने वांशिक भेदाची जुनी चौकट मागे टाकली. परंतु सैन्याची ९ मिलिमीटर आणि.४५ ही काडतुसे ज्यात चालतील अशी पिस्तुले नियमांनी निषिद्ध वर्गात घातली. व्यावहारिक नेमबाजीची मुख्य काडतुसे नेमकी हीच. सार्वजनिक सुरक्षिततेच्या दृष्टीने या निर्बंधामागील कारण समजण्याजोगे आहे, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. परिणाम मात्र असा झाला, की भारतीय हातांची सारी गुणवत्ता ऑलिंपिक पद्धतीच्या, जागी उभे राहून खेळायच्या नेमबाजीकडे वळली.

तेथेही शस्त्र हाताला बसवण्याची विद्या तितकीच सूक्ष्म आहे. महिलांच्या २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल प्रकारात साठ गोळ्या असतात; त्यांतील तीस वेगाच्या. लक्ष्य तीन सेकंद समोर येते, तेवढ्यात खाली झुकलेला हात उचलून एक गोळी झाडायची. हात एकच, आधार कशाचाही नाही. पिस्तुलाचे वजन १४०० ग्रॅमच्या आत, चापाचा भार किमान १००० ग्रॅम, नळी १५३ मिलिमीटरपर्यंत, आणि येथेही ३०० × १५० × ५० मिलिमीटरची पेटी. मूठ बहुधा अक्रोडाच्या लाकडाची. ती विकत आणली तरी तयार नसते. नेमबाज ती कानशीने घासतो, कोठे पुट्टी भरतो, पुन्हा घासतो, बोटांच्या खाचा स्वतःच्या बोटांप्रमाणे करून घेतो. तळहाताखालचा आधार वरखाली करता येतो, पण मनगटाला लाकूड टेकता कामा नये. मूठ हाताला मिठी मारू शकते, हाताचे काम करू शकत नाही, अशी ही सीमारेषा आहे.

या सीमारेषेवर कोल्हापूरच्या राही सरनोबत यांची कारकीर्द उभी आहे. २०१३ मध्ये चँगवॉनच्या विश्वचषकात त्यांनी २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. मधल्या काळात कोपराच्या दुखापतीने त्यांना मागे खेचले. ज्या खेळात एका हाताने किलोभराचे पिस्तूल शेकडो वेळा उचलायचे, त्यात कोपर दुखावणे म्हणजे सारा मेळ नव्याने जुळवणे. २०१८ मध्ये जकार्ता-पालेंबांगच्या आशियाई स्पर्धांत थायलंडच्या प्रतिस्पर्धीशी बरोबरी सुटेपर्यंत झुंजून त्यांनी सुवर्ण जिंकले. आशियाई स्पर्धांत वैयक्तिक सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला नेमबाज ठरल्या.

उलट बाजूचे उदाहरणही विसरण्याजोगे नाही. जुलै २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकर यांचे पिस्तूल ऐन वेळी बिघडले. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी हुकली. २०२४ मध्ये पॅरिसला त्यांनीच दोन कांस्यपदके मिळवली. हात तोच होता.

येथे आम्हांस तोड्याच्या बंदुकीची आठवण होते. ती गल्लीतल्या लोहाराकडे दुरुस्त होई. आज पिस्तुलाच्या आंतरराष्ट्रीय मैदानावर दिसणारी नावे मोरिनी, स्टायर, वॉल्थर, पार्दिनी अशी युरोपातली आहेत. हवेच्या बंदुकांत देशी प्रयत्न सुरू झाले आहेत. तरीही आपल्या तालुक्याच्या गावातल्या मुलीची मूठ दुरुस्त करणारा, चाप तपासणारा जाणकार तिला जवळ मिळणे अवघडच. १८७८ च्या कायद्याने शस्त्रे गेली हे आपण सारे सांगतो. शस्त्रांबरोबर त्यांची दुरुस्ती जाणणारे कारागीरही घटले, ही हानी आपण मोजलेली नाही.

ती भरून निघणे अशक्य आहे काय? ज्या शहरात रत्नकलाकार हिऱ्याच्या पैलूचा कोन केवळ नजरेने आणि बोटांनी ओळखतात, त्या सुरतेला हातातली सूक्ष्मता शिकवण्याची गरज नाही. ती सूक्ष्मता आणि मावळंकरांना अभिप्रेत असलेली नियमांची चौकट एकत्र आणणारी एखादी कार्यशाळा, एखादा अभ्यासक्रम, परवान्याच्या कक्षेत राहून येथे उभा राहू शकतो. परवाना शस्त्र बाळगण्याची मुभा देतो. ते हाताला बसवून देणारा माणूस आपल्यालाच घडवावा लागेल.